चौघांत भागलं की सात उरतात

सुपर बोल बघायचा तर आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचचा गजर लावावा लागतो. अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. १० फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे मीही असाच उठून आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसलो होतो. एका बाजूला कॅन्सस सिटी चीफ्स, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया ईगल्स. चीफ्सनी आधीचे दोन्ही सुपर बोल जिंकले होते. तिसरा जिंकला असता तर लागोपाठ तीन सुपर बोल जिंकणारा तो पहिलाच संघ ठरला असता. शिवाय त्यांच्याकडे पॅट्रिक महोम्स, म्हणजे या पिढीतला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक.

मध्यंतराला फलक होता ईगल्स २४, चीफ्स ०. पूर्वार्धात चीफ्सना मिळून फक्त २३ यार्ड पुढे सरकता आलं होतं.

आई पूजेची फुलं काढायला उठली होती. ती दारात थांबून दोन मिनिटं बघत राहिली. "अरे, चेंडू हातात घेऊन पळतात, मग हा फुटबॉल कसला?" हा तिचा नेहमीचा प्रश्न झाला. मग महोम्स पुन्हा एकदा खाली पडला तेव्हा ती म्हणाली, "त्या बिचाऱ्यावर चौघं धावून जातात. बाकीचे काय नुसते उभे आहेत?"

मी तेव्हा "हो, तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. पण त्या सामन्याचं सगळं मर्म तिच्या प्रश्नात होतं. महोम्सला त्या दिवशी सहा वेळा चेंडू हातात असतानाच पाडलं गेलं आणि ईगल्सनी संपूर्ण सामन्यात एकदाही चारपेक्षा जास्त माणसं त्याच्या अंगावर पाठवली नाहीत. बाकीचे सात खरोखरच मागे उभे होते. मात्र ते नुसते उभे नव्हते.

अकरा माणसांचं गणित

ज्यांनी हा खेळ कधीच बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन पळता येतं किंवा क्वार्टरबॅक तो लांब फेकतो आणि पुढे धावत गेलेले रिसीव्हर झेलतात.

फेकायचं ठरलं की क्वार्टरबॅक काही पावलं मागे सरकतो आणि कोण मोकळं आहे ते शोधतो. त्यासाठी त्याच्याकडे साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. तेवढा वेळ मिळवून देण्याचं काम त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंचं. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. ही भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचण्याच्या प्रयत्नाला म्हणतात पास रश. चेंडू हातातून सुटण्याआधी त्याला खाली पाडलं की झाली सॅक. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय १९६० च्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळणाऱ्या डीकन जोन्सला दिलं जातं. खेळाडूंच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद मात्र १९८२ पासून होऊ लागली.

आता क्रिकेटचा कप्तान आठवा. त्याच्याकडेही अकराच माणसं. एक जास्तीची स्लिप लावली की कुठेतरी एक जागा रिकामी पडते. इथेही तसंच आहे. चार माणसं अंगावर पाठवली तर मागे सात उरतात. समोरच्या संघात चेंडू झेलू शकणारे जास्तीत जास्त पाच जण पुढे धावू शकतात. म्हणजे पाच जणांवर नजर ठेवायला सात माणसं, दोन शिल्लक. पाच पाठवली तर मागे सहा. सहा पाठवली तर मागे पाच, म्हणजे प्रत्येकाला एकेक आणि चूक झाली तर सावरायला कोणी नाही. पाच किंवा त्याहून जास्त माणसं पाठवण्याला ब्लिट्झ म्हणतात.

अडचण अशी की चौघंच पाठवली तर समोर अडवायला पाच जण असतात. एक माणूस त्यांच्याकडेही शिल्लक. तो जाऊन सर्वांत धोकादायक खेळाडूला दुसऱ्या बाजूने दाबतो. बचावाची सगळी डोकेफोड या एका जादा माणसाला निकामी कसं करायचं याचीच असते.

फ्रंट म्हणजे काय?

चाल सुरू होण्याआधी बचावाची पुढची फळी कशी उभी राहते त्याला फ्रंट म्हणतात. दोन जुने ढाचे सगळ्यांना माहीत असतात. ४-३ मध्ये चार लाइनमन पुढे आणि तीन लाइनबॅकर त्यांच्या मागे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सचा बचाव सांभाळताना टॉम लँड्रीने हा ढाचा घडवला. ३-४ मध्ये तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर. पहिल्या ढाच्यात अंगावर येणारे चौघं कोण हे बहुधा दिसतं. दुसऱ्यात तिघं नक्की असतात, चौथा कोण ते ऐनवेळी कळतं.

पण खरा हिशोब चालतो तो माणसांमधल्या फटींचा. सेंटर आणि गार्ड यांच्यामधल्या फटीला ए गॅप म्हणतात, गार्ड आणि टॅकलमधल्या फटीला बी आणि टॅकलच्या बाहेरच्या फटीला सी. लाइनमन नेमका कुणासमोर उभा आहे यालाही आकडे आहेत. सेंटरच्या बरोबर नाकासमोर उभा राहणारा शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहणारा तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावरचा पाच. एक पाऊल डावीकडे की उजवीकडे यावर समोरच्या पाच जणांपैकी कोण कुणाला मदत करू शकेल हे ठरतं.

शेचाळीसचा दरारा

हे गणित सर्वांत धिटाईने मांडलं ते १९८५ च्या शिकागो बेअर्सनी. त्यांचा बचाव प्रशिक्षक होता बडी रायन. त्याच्या डावपेचाला ४६ डिफेन्स म्हणत. हा आकडा माणसांच्या मांडणीचा नव्हता. डग प्लँक नावाच्या त्यांच्या खेळाडूच्या जर्सीवरचा तो नंबर होता.

रायनने तीन लाइनमन थेट सेंटर आणि दोन्ही गार्डसमोर उभे केले. त्यामुळे मधल्या तिघांपैकी कुणालाच शेजाऱ्याच्या मदतीला जाता येईना. मग एका बाजूला दोन लाइनबॅकर आणले आणि मागचा एक सेफ्टीही पुढे ओढला. म्हणजे आठ माणसं चेंडूजवळ. त्यातले किती आणि कोण येणार ते क्वार्टरबॅकला शेवटपर्यंत समजत नसे.

त्या हंगामात बेअर्सनी १६ सामन्यांत फक्त १९८ गुण दिले. बाद फेरीतले पहिले दोन सामने त्यांनी २१-० आणि २४-० असे जिंकले. २६ जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१० असं चिरडलं. त्या सामन्यात पेट्रियट्सना पळून मिळालेले एकूण यार्ड होते सात.

पण त्याच हंगामात बेअर्स एकदा हरले होते आणि तो पराभव जास्त शिकवून जातो. २ डिसेंबर १९८५ ला मायामी डॉल्फिन्सनी त्यांना ३८-२४ असं हरवलं. त्यातले ३१ गुण तर मध्यंतरापर्यंतच झाले होते. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो चेंडू विजेच्या वेगाने सोडायचा. त्यांनी तीन रिसीव्हर उतरवले आणि त्यातल्या नॅट मूरसमोर बेअर्सचा वेगाने कमी पडणारा खेळाडू येईल अशी व्यवस्था केली. आठ माणसं पुढे आणली की मागे तीनच उरतात. बेअर्सची माणसं मरीनोपर्यंत पोचण्याआधी चेंडू निघून गेलेला असायचा.

एकाला दोघं

गणित बदलायचा दुसरा मार्ग म्हणजे असा खेळाडू मिळवणं, ज्याला एकट्याने कुणी अडवूच शकत नाही. १९८१ मध्ये जायंट्सनी निवडलेला लॉरेन्स टेलर तसा होता. तो बाहेरच्या बाजूने, उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून यायचा. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांना त्याच्यासाठी आपली मांडणीच बदलावी लागली. त्याला अडवायला त्यांनी एक जादा टाइट एंड आणला. म्हणजे टेलरने एकट्याने समोरची दोन माणसं गुंतवली आणि झेलायला जाणारा एक कमी झाला.

१८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री टेलरच्या धडकेत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय मोडला. तो पुन्हा कधी खेळला नाही. सर्वांत आधी टेलरच उभा राहून हातवारे करत मदतीला बोलावत होता. हा प्रसंग टीव्हीवर थेट दिसला आणि लोक तो अजून विसरलेले नाहीत. डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा, पुढे संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी एक होऊ लागला तो टेलरसारख्या खेळाडूंमुळेच. सॅक हा कागदावरचा आकडा असला तरी दर वेळी त्याच्या मागे एक माणूस जमिनीवर पडलेला असतो, हे बघताना विसरू नये.

येणारा येत नाही, न येणारा येतो

तिसरा मार्ग फसवणुकीचा. सिनसिनाटी बेंगल्सचा बचाव सांभाळताना १९८० च्या दशकात डिक लबो याने झोन ब्लिट्झ विकसित केला. कल्पना साधी होती. लाइनबॅकर किंवा मागचा कोणी अंगावर पाठवायचा आणि त्याच्या बदल्यात पुढच्या फळीतला एखादा जाडजूड लाइनमन मागे सरकवायचा. क्वार्टरबॅकला वाटतं ब्लिट्झ आला, म्हणजे मागे जागा रिकामी असणार. तो घाईने तिथे फेकतो आणि तिथे तर माणूस उभा.

फसवणूक किती महागात पडते याचं झणझणीत उदाहरण १ फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये दिसलं. लबोच तेव्हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा बचाव बघत होता. पूर्वार्धाचे शेवटचे काही सेकंद उरले होते आणि अ‍ॅरिझोना कार्डिनल्स अगदी गोलरेषेपाशी होते. जेम्स हॅरिसनने अंगावर जायचं असं ठरलं होतं. त्याने पुढे येण्याची हूल दिली आणि ऐनवेळी मागे सरकला. कर्ट वॉर्नरने फेकलेला चेंडू थेट त्याच्या हातात आला. हॅरिसन तो घेऊन १०० यार्ड, अख्खं मैदान पळाला. स्टीलर्सनी तो सामना चार गुणांनी जिंकला.

चौघांचा डाव

खरं सांगायचं तर मला पूर्वी ब्लिट्झच आवडायचा. सहा-सात जण एकदम तुटून पडतात, बघायला मजा येते. माझं मत बदलायला सुरुवात झाली ती ३ फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल नंतर शांतपणे बघितला तेव्हा.

त्या वर्षी पेट्रियट्स १८ पैकी १८ सामने जिंकून आले होते. नियमित हंगामात त्यांनी ५८९ गुण केले होते, टॉम ब्रेडीने ५० टचडाउन फेकले होते. हे दोन्ही तेव्हाचे विक्रम. त्या १६ सामन्यांत ब्रेडीला २१ वेळाच सॅक केलं गेलं होतं. जायंट्सनी त्या एका सामन्यात त्याला पाच वेळा पाडलं आणि १७-१४ असा विजय मिळवला.

जायंट्सचा बचाव प्रशिक्षक होता स्टीव्ह स्पॅग्नुओलो. अधूनमधून त्याने लाइनबॅकरही पाठवले, पण मुख्य भिस्त पुढच्या चौघांवर होती. जस्टिन टक हा खरं म्हणजे टोकाला खेळणारा चपळ खेळाडू. फेकीची वेळ आली की स्पॅग्नुओलो त्याला आत, गार्डसमोर आणायचा. गार्डला जाड माणसं अडवायची सवय असते, असा चपळ माणूस त्यांना जड जातो. शिवाय टोकांना मायकल स्ट्रेहान आणि ओसी उमेन्योरा. चौघंही असे की त्या एका जादा माणसाने कुणाच्या मदतीला जावं हेच कळू नये. टकने दोन सॅक केल्या आणि पूर्वार्धाच्या अखेरीस ब्रेडीच्या हातून चेंडूही पाडला.

अशा चौघांना मदत करणारी युक्ती म्हणजे स्टंट. आतला लाइनमन तिरका जाऊन शेजारच्या टॅकलला धडकतो आणि टोकाचा खेळाडू त्याच्या मागून वळसा घालून मधल्या फटीत शिरतो. अडवणाऱ्या दोघांनी निमिषात आपापली माणसं बदलून घ्यायची असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. गडबड बहुतेक वेळा कामात नसते, काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना होते.

आणि एक शिस्त. कबड्डीत कोपरारक्षकाने एकट्याने घाईने झेप घेतली की साखळी तुटते आणि चढाईपटू त्याच फटीतून निसटतो. इथेही टोकाचा खेळाडू क्वार्टरबॅकच्या मागे वाहवत गेला की पळून जायला वाट मोकळी होते. चौघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवून घेरा आवळत आणायचा असतो. त्याच २००८ च्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत पेट्रियट्सच्या खेळाडूंनी जायंट्सच्या ईलाय मॅनिंगची जर्सी अक्षरशः हातात धरली होती. तो निसटला, त्याने चेंडू फेकला, डेव्हिड टायरीने तो हेल्मेटला दाबून झेलला आणि तिथून सामना फिरला. पकड अर्धी राहिली तर ती नसल्यासारखीच.

पुन्हा त्या पहाटेकडे

आता २०२५ चा तो सामना पुन्हा बघू. ईगल्सचा बचाव प्रशिक्षक व्हिक फॅन्जिओ. महोम्ससमोर ब्लिट्झ करणं म्हणजे विस्तवाशी खेळ हे त्याला ठाऊक होतं. रिकामी जागा महोम्सला लगेच दिसते. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बे बकेनियर्सनीही हेच ओळखलं होतं. तेव्हा चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते. बकेनियर्सनी ब्लिट्झ फार थोडा वापरला, दोन सेफ्टी खोलवर ठेवले आणि ३१-९ असं हरवलं.

चार वर्षांनी चीफ्सचं दुखणं पुन्हा डाव्या टॅकलच्या जागीच होतं. तिथे त्यांनी आपला उत्तम गार्ड जो थुनी याला हलवलं होतं. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पडलं. ईगल्सच्या पुढच्या फळीतली माणसं दमतील तशी बदलत होती. जोश स्वेटने अडीच सॅक केल्या, मिल्टन विल्यम्सने दोन. अर्धी सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला. महोम्स वर बघायचा, मागे सात माणसं, कोणीच मोकळं नाही. तो आणखी एक सेकंद थांबायचा. तेवढ्यात चौघांपैकी कोणीतरी पोचायचा. दुसऱ्या सत्रात लागोपाठ दोनदा पडल्यावर त्याने पुढच्याच चालीत धावता धावता चेंडू फेकला. कूपर डिजीनने तो मधल्या मध्ये पकडला आणि सरळ गोलपर्यंत नेला. त्या दिवशी डिजीनचा बाविसावा वाढदिवस होता.

पुढचे चौघं आणि मागचे सात एकमेकांना वेळ मिळवून देत होते. मागच्यांनी माणसं झाकली म्हणून पुढच्यांना सेकंद मिळाला आणि पुढच्यांनी घाई करायला लावली म्हणून मागच्यांना चेंडू मिळाला. अंतिम निकाल ४०-२२. ईगल्स तर एका वेळी ३४-० असे पुढे होते.

हे सगळं समोरून बघत होता चीफ्सचा बचाव प्रशिक्षक. त्याचं नाव स्टीव्ह स्पॅग्नुओलो. सतरा वर्षांपूर्वी अजिंक्य पेट्रियट्सना चौघांच्या जोरावर रोखणारा तोच. चार सुपर बोल विजय नावावर असलेल्या या माणसाला आपलाच जुना धडा पलीकडच्या बाकावरून ऐकावा लागला.

बघाल तेव्हा

पुढचा सामना बघाल तेव्हा एक करून बघा. चाल सुरू होताना चेंडूकडे बघू नका. आधी पुढे किती माणसं उभी आहेत ते मोजा, मग प्रत्यक्षात किती आली ते मोजा. सहा दिसले आणि चारच आले, तर क्वार्टरबॅकला फसवायचा बेत आहे. चार दिसले आणि सहा आले, तर मागे कुठली जागा उघडी पडली ते शोधा. दहा-बारा चालींत डोळा तयार होतो आणि नुसती ढकलाढकली वाटणारा खेळ बुद्धिबळासारखा उलगडू लागतो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा पाच-पाच जणांचा प्रकार, फ्लॅग फुटबॉल, पहिल्यांदा खेळला जाणार आहे. त्यात धडक नाही. कमरेची पट्टी ओढली की माणूस बाद धरतात. अंगावर धावून जाणाऱ्याला सात यार्ड मागून निघावं लागतं. गणित मात्र तेच. एकाला पुढे पाठवलं की मागे चारच उरतात.

आईला मी हे सगळं नंतर चहा पिताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे उभे होते त्यांनीच जिंकून दिलं म्हण की."

निम्मं श्रेय धावणाऱ्या चौघांचंही आहे, असं मी म्हणालो. पण ती तोवर उठून आत गेली होती.